बाहेर पडायची गुहा

डोंबिवली पूर्वेत नुसतं साईनाथ म्हणून विचारलंत तर लोक तुमच्याकडे बघत राहतील. गुहावाला साईनाथ म्हणा, मग बघा. रिक्षावाला तुम्हाला मानपाडा रोडच्या आतल्या गल्लीत थेट त्याच्या गोदामाच्या शटरपाशी उतरवेल आणि मागच्या गणपतीत त्याच्या गुहेत आपली मेहुणी कशी हरवलेली तेही वर ऐकवेल. ऐकून घ्यायचं. आमच्याकडे घराघरात कुणी ना कुणी साईनाथच्या गुहेत हरवलेलं आहे.

त्याचा धंदा मंडळांच्या देखाव्यांचा. आधी तो काय वाट्टेल ते करायचा. महाल म्हणाल महाल, किल्ला म्हणाल किल्ला. मग एका वर्षी त्याने बांबू, बारदान आणि प्लास्टरची एक गुहा उभी केली, आत देवी बसवली, आणि ती बघायला कल्याणहून माणसं आली. कल्याणची माणसं डोंबिवलीत काही बघायला येतात हीच मुळात बातमी. तेव्हापासून तो जो गुहेत शिरला तो कायमचाच.

करायचं काय, तर विठ्ठलवाडीहून जुनी बारदानं आणायची, पातळ प्लास्टरमध्ये बुडवून बांबूच्या सांगाड्यावर टाकायची, वाळली की काळपट रंग मारायचा आणि छतातून सलाइनच्या नळीने पाणी ठिबकवायचं. हे कुणालाही जमेल, असं त्याची बायको सगुणा म्हणते. तिचं सोडा. लग्न झाल्यापासून तिच्या गॅलरीत कपड्यांच्या जागी बारदानं वाळतायत, ती दुसरं काय म्हणणार.

खरी कला होती वळणांत. माणूस एकदा गुहेत शिरला की लवकर बाहेर पडता कामा नये, हे साईनाथचं तत्त्व. बाहेरची रांग किती लांब यावर मंडळाची इज्जत, आणि रांग लांब हवी तर आतला माणूस आत रेंगाळायला हवा. म्हणून वाट चिंचोळी, छत मध्येच खाली, वळणानंतर वळण, आणि प्रत्येक वळणावर हात जोडायला काहीतरी. एकदा एक रिटायर्ड बँक मॅनेजर फिरून फिरून पुन्हा देवीपाशीच यायला लागले. दर वेळी प्रसाद घेतला, आणि शेवटी बाहेर आल्यावर मंडळाच्या अध्यक्षांवर खेकसले. हा किस्सा साईनाथ पदक मिळाल्यासारखा सांगतो.

आता अशा माणसाकडे कुणी जीव वाचवायच्या बोगद्याचं काम दिलं, तर दोष कुणाचा? मी सांगतो. जावयाचा.

साईनाथची एकुलती एक लेक कृतिका. ठाण्यात फिजिओथेरपी शिकत होती, तेव्हा विदर्भातून एका ट्रेनिंगला आलेला अद्वय तिला भेटला. मुलगा सरळ, अबोल, जेवताना दुसऱ्यांदा भात मागायला लाजणारा. काम मात्र असं की ऐकून सगुणाने हातातली पळी खाली ठेवली. जमिनीच्या पोटातून मँगनीज काढणाऱ्या खाणीत तो एका पाळीचा प्रमुख. रोज दोराला टांगलेल्या लोखंडी पाळण्यात उभं राहायचं आणि पाळणा सरळ खाली. साईनाथला काय, त्याला आयता विषय मिळाला. "जावईबुवा आपल्याच लाइनचे," तो लग्नात सगळ्यांना सांगत होता. "आम्ही गुहा बांधतो, ते खोदतात." लोक हसले. लेक निघाली सासरी, खाणीच्या वसाहतीत.

दोनेक वर्षं बरी गेली. मग एका दुपारी खाणीत एक मोटर जळाली आणि आत धूर कोंडला. सगळे त्या एकाच पाळण्यातून खोकत वर आले, कुणाला काही झालं नाही. पण सगळ्यांच्या लक्षात आलं की पाळणा बंद पडला असता तर दुसरी वाटच नव्हती. पूर्वी होती, ती दरड बसून बुजलेली. आता नवी काढायची ठरली आणि त्यावरून दोन तट पडले. खाणीच्या मोठ्या साहेबांचं मत, हवेसाठी खोदलेली उभी विहीर आहेच, तिच्यात लोखंडी शिडी लावा, झटपट काम होईल. दुसरं मत, डोंगराच्या बाजूने एक तिरका बोगदा खोदा, माणूस पायी चालत बाहेर येईल. त्याला वेळ लागणार होता आणि खडकही फोडावा लागणार होता.

त्या रात्री कृतिकाचा फोन आला.

"बाबा, ती शिडी नको," ती म्हणाली. "पाळीचा प्रमुख सगळ्यांत शेवटी निघतो. नियमच आहे तसा. अख्खी पाळी एकेक करून शिडी चढणार, त्यात वयस्क माणसं, कुणाचे गुडघे गेलेले. आणि अद्वय तोवर खाली धुरात उभा राहणार."

साईनाथला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायची सवय. तेव्हा मात्र तो हूं म्हणाला आणि फोन ठेवला.

बोगद्याचं डिझाइन करत होती ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली एक इंजिनीअर, कल्पिता. चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणारी, पण कामात चोख. तिने साहेबांना एक तोडगा सुचवला. बोगद्याचा ऐन अवघड तुकडा ठाण्यात खऱ्याएवढा उभा करू, खाणीतली एक पाळी बोलावू, धूर सोडू, दिवे घालवू आणि बघू. खाणीतल्या विहिरीत शिडीचा एक टप्पा लावून साहेबांनी त्याची चाचणी आधीच घेतलेली. माणसं तेवढीच, वेळ शिडीपेक्षा कमी लागला तर बोगदा, नाहीतर शिडी. साहेब तयार झाले. मग खऱ्याएवढा बोगदा खोटा खोटा बांधून कोण देणार, असा प्रश्न निघाला, आणि आमचा तो अबोल जावई नेमका तेव्हा बोलला.

"माझे सासरे गुहा बांधतात," तो म्हणाला.

ठाण्यातच कोलशेतला खाडीच्या अंगाला परशुरामची मोठी शेड आहे. त्याच्या आजोबांनी तिथे मीठ पिकवलं, वडिलांनी शेड उभ्या केल्या आणि परशुराम आता अंगणातल्या चिंचेखाली खुर्ची टाकून कुणाला काय भाड्याने द्यायचं ते ठरवतो. गळ्यात जाड साखळी, बोलणं पक्कं आगरी. गुहा बांधायची म्हटल्यावर त्याने शेड लगेच दिली. "पन देवी कंची बसवनार?" एवढंच विचारलं. साईनाथ म्हणाला, या वेळी देवी नाही. परशुरामला ते पटलं नाही.

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी कल्पिताने डोक्याला हात लावला.

"साईनाथकाका, हे वळण कुठून आलं? ड्रॉइंगमध्ये नाहीये."

"सरळ वाट फार बोडकी दिसते मॅडम. माणसाला पुढे काय आहे याची ओढ वाटली पाहिजे."

"पुढे हवा आहे, काका. तेवढी ओढ बास आहे."

वळण गेलं. दुसऱ्या दिवशी तिला छताला लोंबणारे प्लास्टरचे सुळके दिसले. ते गेले. तिसऱ्या दिवशी दोरी. आता ही दोरी कल्पिताच्या डिझाइनचा जीव. भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर बांधलेली, आणि तिच्यावर थोड्या थोड्या अंतराने निमुळते लाकडी मणी. अंधारात दोरीवरून हात फिरवत जायचं. बाहेरच्या दिशेने जात असाल तर हात मण्यावरून सहज सरकतो, चुकून उलटे फिरलात तर मण्याच्या जाड बाजूला अडतो. डोळे मिटूनही वाट कळते. तर या दोरीला साईनाथने, कोरी दिसते म्हणून, झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा गुंडाळलेल्या.

"काका," कल्पिता म्हणाली, "तुमचा जावई या दोरीवरून बाहेर येणार आहे. त्याच्या हाताला मणी लागू दे."

साईनाथने स्वतःच्या हाताने सगळे झेंडू सोडले. मग त्याचा सूर लागला. जे आयुष्यभर केलं ते उलटं करायचं, हे एकदा त्याने मनावर घेतलं तेव्हा खडक असा बनवला की कल्पितानेही हात लावून बघितला. जिथे खऱ्या डोंगरात दगड ठिसूळ होता आणि छत खाली ठेवावं लागणार होतं, तिथे याचंही छत बरोबर तेवढंच खाली. जमिनीवर खडी टाकलेली. कल्पिताच्या नकळत एक बारकंसं वळण तरीही त्याने ठेवलंच, कारण माणूस काही एका आठवड्यात बदलत नाही.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी काम पुरं झालं. कल्पिता साहेबांना आणि खाणीतल्या माणसांना आणायला ठाणे स्टेशनवर गेली. शेडमध्ये साईनाथ आणि परशुराम दोघेच. दोघांनी लांब उभं राहून बोगद्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"कायतरी राह्यलंय," परशुराम म्हणाला.

साईनाथलाही तेच वाटत होतं. एवढं काम केलं आणि नारळ नाही? तोंड कसं उघडं पडलेलं, घराला चौकट आहे आणि तोरण नाही तसं. आणि अद्वय उद्या यातून जाणार. बापाचं मन, त्याला वाटलं, देवीने चार हातांनी आशीर्वाद दिला तर काय बिघडलं. टेम्पो होताच. डोंबिवलीच्या गोदामातून गेल्या वर्षीची देवी आली, लाल शालूतली, चांदीच्या डोळ्यांची. बोगद्यात शिरायच्या तोंडालाच आतल्या बाजूला एक कोनाडा कोरला, तिला बसवलं, हळदीकुंकू वाहिलं, खरा झेंडू घातला. परशुरामने नारळ फोडला. दोघांनी हात जोडले आणि दोघांनाही फार बरं वाटलं.

सकाळी कल्पिताने ते बघितलं. ती काही बोलणार तोच मोठे साहेब गाडीतून उतरले, त्यांनीच आधी देवीला हात जोडले. मागून खाणीतली पाळी आली. गमबूट, कमरेला बॅटरी, टोपीवर दिवा, सगळा जामानिमा खाणीतलाच. सगळ्यांत पुढे दगडू, पाळीतला सगळ्यांत जुना माणूस, आणि सगळ्यांत मागे अद्वय. सासऱ्याला बघून तो किंचित हसला.

माणसं बोगद्यात शिरायच्या बाजूला, शेडच्या टोकाला जाऊन बसली, ती झाली खाण. शेडची दारं लावली. भोंगा वाजला, दिवे गेले आणि साईनाथच्या यंत्राने धूर सोडायला सुरुवात केली. देखाव्यात ढग दाखवायचं ते यंत्र, नाकाला फक्त थोडं गोडसर लागतं, पण धूर कसा, हात समोर धरला तर बोटं दिसू नयेत असा. साईनाथ शिरायच्या तोंडाशेजारी एका फटीशी बसला होता. आतले दिवे ठीक करायला अशी फट तो नेहमी ठेवतो.

सुरुवात झकास झाली. माणसं दोरी धरून झपाझप आली. दगडू बोगद्याच्या तोंडाशी पोचला, त्याच्या टोपीवरच्या दिव्याचा झोत वळला आणि चांदीचे डोळे चमकले.

दगडू थांबला. एका हाताने भिंत धरली आणि दुसऱ्या हाताने गमबूट ओढायला लागला.

गमबूट काही चप्पल नव्हे की झटकली आणि निघाली. तो ओढावा लागतो, मोजा आत अडकतो, घाम असेल तर तो पायाला धरून बसतो. दगडूच्या मागच्याने त्याचा खांदा धरला आणि आपला बूट ओढायला घेतला. त्याच्या मागच्याने त्याचा. भोंगा कोकलतोय, धूर दाटतोय आणि अख्खी पाळी एका पायावर. कुणी धक्काबुक्की केली नाही, कुणी घाई केली नाही, अगदी शिस्तीत रांग लागली. एकेक जण अनवाणी कोनाड्यापाशी येई, माथा टेके, बूट काखेत मारे आणि आत वाके. आत खडी. आई गं, आई गं असं ऐकू यायला लागलं. आणि पुढच्या बारीक वळणावर, जे साईनाथने गुपचूप ठेवलेलं, काखेतले बूट भिंतीला अडकून आणखी खोळंबा. साईनाथने उभ्या आयुष्यात बांधलेली ही सगळ्यांत यशस्वी गुहा. माणूस आत शिरला की बाहेर पडतच नव्हता.

एखादवेळी त्याला हसू आलंही असतं. पण फटीतून त्याला रांगेचं शेवटचं टोक दिसत होतं. तिथे धूर सगळ्यांत दाट होता आणि त्या धुरात टोपीवरच्या मिणमिणत्या दिव्याखाली अद्वय उभा होता. पुढचे सगळे जाईपर्यंत तो हलला नाही. मग तो कोनाड्यापाशी आला आणि एका पायावर उभा राहून बूट ओढायला लागला. एक बूट निघाला, दुसरा निघेना. साईनाथने फटीला तोंड लावून हाक मारली, अद्वय, राहू दे, जा. भोंग्यात ते कुणाला ऐकू जाणार. हा धूर खरा असता तर, एवढंच साईनाथच्या मनात आलं. आपण आपल्या लेकीचा नवरा आपल्या हाताने इथे उभा केला, असं त्याला वाटलं.

सगळे बाहेर आले तेव्हा शिडीची वेळ केव्हाच उलटून गेलेली. साहेबांनी घड्याळ बघितलं, मग रांगेत अनवाणी उभी असलेली आपली माणसं बघितली.

"शिडीवर देवी नव्हती म्हणून बरं," ते म्हणाले. आवाज चढला नाही, त्यामुळे जास्त लागलं. "उद्या सकाळी आणखी एकदा. मग आम्ही परत जाऊ आणि शिडीचं काम सुरू करू."

ते हॉटेलवर गेले. कल्पिता चिंचेखाली परशुरामच्या खुर्चीत बसली आणि कुणाकडेच बघेना. साईनाथ दगडूपाशी गेला.

"अरे बाबा, भोंगा वाजतोय, धूर येतोय, आणि बूट काय काढता?"

दगडू ओशाळला. "देवीपुढून बूट घालून कसं जाता येते जी?" तो म्हणाला. "आमच्या पाळण्यापाशी देवी आहे. रोज बूट काढतो, पाया पडतो, बूट घालतो, मग खाली. इतकी वर्षं तेच. डोक्यानं नाही थांबलो मी. पायच थांबते."

अद्वय शेजारी उभा होता, खाली मान घालून. "बाबा, माझेपण थांबले," तो म्हणाला. "मी प्रमुख, मी ओरडायला पाहिजे होतं. पण मीसुद्धा बूटच काढून राहिलो होतो."

कल्पिता उठली. "सोप्पं आहे. देवी काढून गोदामात ठेवा."

"नाय जमनार," परशुराम म्हणाला. "नारल फोरलाय तिथं. ती आता तिथंची. मना पाप नको." दगडूनेही मान हलवली. देवी हलवली तरी जागा तिचीच, कुंकू आहे, कोनाडा आहे. उद्या रिकामा कोनाडा दिसला तर पाय जास्तच थांबतील, देवी कुठे गेली म्हणून. साईनाथला हे कुणी समजवायला नको होतं. मांडव काढून महिना झाला तरी त्या रिकाम्या कोपऱ्यापाशी हात जोडून जाणारी माणसं त्याने दर वर्षी बघितलेली.

तो बोगद्यापाशी गेला. आत शिरला, वाकला, दोरी धरून चालत पार पलीकडे बाहेर आला. शेडच्या मागच्या दारातून अंगण दिसत होतं, ऊन, आणि पार टोकाला चिंच. तो तिथेच उभा राहिला. आयुष्यात त्याने शेकडो माणसांना कोनाडे दाखवून थांबवलं होतं. माणसं का थांबतात ते त्याला पक्कं ठाऊक. ती देवीपाशी थांबतात. मग थांबू देत की. पण कुठे, ते आपण ठरवू.

"मॅडम," त्याने हाक मारली. "देवी गोदामात नको. तिला इकडे आणू. बाहेरच्या बाजूला."

"मग बाहेर पडायच्या तोंडाशी थांबतील. मागचे आत अडकतील. तेच होणार."

"तोंडाशी नाही. तिकडे, चिंचेखाली. माणसाने डोकं बाहेर काढलं की ती समोर दिसली पाहिजे, आणि तिच्यापर्यंत जायला अंगण पार करावं लागलं पाहिजे. बूट तिथे काढू देत. हवे तेवढे काढू देत."

कल्पिताने चिंचेकडे बघितलं, मग डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा बघितलं. आणि हसायला लागली. बाहेर आलेली माणसं एका ठिकाणी जमली पाहिजेत, मोजली पाहिजेत, कोण आत राहिलं ते कळलं पाहिजे. त्यासाठी तिने ड्रॉइंगवर एक हिरवी पाटी दाखवली होती. अशा पाट्यांकडे जगात कुणी बघत नाही हे तिलाही माहीत होतं.

परशुरामची समजूत काढायला चहा लागला. त्याचं म्हणणं, तिला अशी उचलून न्यायची नाही, रीतीने न्या. मग रीतीनेच नेलं. आरती झाली, पाट आला, परशुराम आणि दगडू दोघांनी देवी उचलली, मागून खाणीतली अख्खी पाळी टाळ्या वाजवत. चिंचेखाली नवा नारळ फुटला. साईनाथ मात्र मिरवणुकीत नव्हता. तो करवत घेऊन बोगद्याचं तोंड कापत होता. कोनाडा, कुंकू लागलेलं बारदान, सगळं सुटं करून त्याने बाजूला नेऊन ठेवलं आणि त्या जागी साधं, सपाट, काळं तोंड बसवलं. झेंडू नाही, दगडाचा आकार नाही, काही नाही. मग आत जाऊन ते बारीक वळणही कापलं.

"हे ड्रॉइंगमध्ये नव्हतं," कल्पिता मागून म्हणाली.

"माहितीये," साईनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. भोंगा, अंधार, धूर, फक्त मागचं दार उघडं ठेवलेलं. या वेळी साईनाथ फटीशी बसला नाही. तो मागच्या दाराबाहेर उन्हात उभा राहिला आणि साहेबांच्या हातातल्या घड्याळाकडे मुद्दाम पाठ केली. बोगद्याच्या बाहेर पडायच्या तोंडातून आधी धूर आला, मग दगडूची टोपी. दगडूने मान वर केली, चिंचेखालचा लाल शालू बघितला आणि गुडघ्यांची तक्रार विसरून चक्क पळत सुटला. गमबूट धपधप वाजत होते. त्याच्या मागून दुसरा, तिसरा, जणू कुणी आतून ढकलतंय. कुणी दारात रेंगाळलं नाही. सगळे जाऊन चिंचेखाली बूट काढतायत, माथा टेकतायत, ओळीने बसतायत. परशुराम मधोमध उभा राहून प्रत्येकाच्या हातात खोबरं ठेवत होता आणि त्यामुळे मोजणी आपोआप होत होती.

मग बाहेर यायचं थांबलं. परशुरामच्या ताटात एकाच्या वाटचं खोबरं उरलं.

अद्वय आला नव्हता. तोंडातून नुसता धूर येत राहिला. साईनाथला ठाऊक होतं की हा धूर त्याच्याच यंत्राचा आहे, देखाव्यात तान्ह्या पोरांनीही गिळलेला आहे, त्याने कुणाला शिंकसुद्धा येत नाही. ठाऊक असून काही उपयोग नव्हता. खऱ्या खाणीत, खऱ्या दिवशी कृतिका अशीच एखाद्या झाडाखाली उभी असेल आणि सगळ्यांच्या बायकांना आपापला माणूस मिळालेला असेल, हे त्याला एकदम दिसलं. दोन पावलं तो तोंडाकडे गेला.

"अद्वय," त्याने हाक मारली.

आतून एक दिवा दिसला. खाली, वाकलेला, हलत हलत येणारा. मग टोपी, मग खांदे, आणि अद्वय ताठ उभा राहिला, तोंडाला फडकं बांधलेला. "मागे कुणी राहिलं नाही ना, ते बघत होतो," तो म्हणाला. "बघावं लागते." पायांत दोन्ही बूट होते. साईनाथने त्याचा दंड धरला तो सोडलाच नाही, चिंचेपर्यंत तसाच धरून नेला. जावयाने संकोचून दोनदा बघितलं, पण हात सोडवून घेतला नाही.

साहेब घड्याळ खिशात टाकत आले. "शिडीपेक्षा कमी," ते म्हणाले. "बरंच कमी." चिंचेखालची ओळ त्यांनी एकदा नीट बघून घेतली, स्वतःचे बूट काढले, देवीच्या पाया पडले आणि परत येऊन कल्पिताला म्हणाले, "बोगदा धरा." मग साईनाथकडे वळले. "तुम्हीही या तिकडे. खऱ्या बोगद्याच्या तोंडाला काहीतरी छान करून द्या."

सगुणा तिथे असती तर तिचा कानांवर विश्वास बसला नसता.

"नको साहेब," साईनाथ म्हणाला. "ते तोंड बोडकंच बरं. काही करायचं तर झाडाखाली करू."

फोन वाजला तेव्हा तो शेडच्या पायरीवर बसला होता. कृतिका. कालची बूट काढण्याची सगळी हकीकत तिला रात्रीच कळलेली, त्यामुळे ती सकाळपासून फोन हातात धरून बसली असणार. एरवी साईनाथने आधी परशुराम, मग नारळ, मग दगडूचं पळणं, सगळं रंगवून सांगून मुद्द्यावर यायला अर्धा तास घेतला असता.

"बाबा, काय झालं?"

"बोगदा होणार," तो म्हणाला. "अद्वय सगळ्यांत शेवटी निघाला."

"हो, तो शेवटीच निघणार. पण किती वेळ..."

"निघाला गं," साईनाथ म्हणाला. "बूट घालून निघाला."

पलीकडे ती रडायला लागली. त्याने फोन अद्वयच्या हातात दिला आणि स्वतः उठून खोबरं मागायला गेला.